घंटा वाजते, माणसे येत नाहीत

ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडातील नॉर्विच येथील कॅथेड्रलच्या मध्यदालनात जत्रेतली गोल फिरत उतरणारी घसरगुंडी उभारण्यात आली. कॅथेड्रल म्हणजे त्या प्रांताच्या बिशपांचे पीठ असलेले मुख्य चर्च. ज्या वास्तूच्या बांधकामाला १०९६ मध्ये आरंभ झाला, तिच्या उंच दगडी खांबांच्या मधोमध पन्नासेक फूट उंचीची ही रंगीबेरंगी घसरगुंडी! छतावरील मध्ययुगीन कोरीव शिल्पे लोकांना जवळून पाहता यावीत, असे त्याचे समर्थन करण्यात आले. एका बिशपांनी तर त्या घसरगुंडीवर बसूनच प्रवचन दिले आणि मग ते घसरत खाली आले. त्याच उन्हाळ्यात इसवी सन ६०४ मध्ये स्थापन झालेल्या रॉचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये नऊ खळग्यांचे छोटे गोल्फ मांडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन पंथीयांच्या काशीत, कानांना हेडफोन लावून नाचण्याचा 'सायलेंट डिस्को' भरला. तिकिटे काढून लोक हजारोंनी आले. निषेधाचे अर्ज गेले, बाहेर काही भाविकांनी प्रार्थनाही केल्या. पण डिस्को झाला.

हे सर्व कोणा धर्मद्रोह्यांनी केलेले नाही. चर्चच्याच अधिकाऱ्यांनी, पूर्ण विचारांती, 'मंडळीच्या बाहेरच्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी' केले आहे. तशी निकड त्यांना का वाटली, हे समजण्यासाठी काही आकडे पाहावे लागतील. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत सुमारे ७२ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे नोंदवले होते. २०११ मध्ये हे प्रमाण ५९.३ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याच्याही खाली. याच वीस वर्षांत 'कोणताही धर्म नाही' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १४.८ वरून ३७.२ टक्के झाले. ही झाली कागदावरची नोंद. प्रत्यक्ष उपासनेला येणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या स्वतःच्या मोजणीनुसार आठवड्याची सरासरी उपस्थिती २०१९ मध्ये सुमारे ८ लाख ५४ हजार होती. २०२३ मध्ये ती सुमारे ६ लाख ९३ हजार होती. २०२४ मध्ये आकडा सात लाखांच्या किंचित वर सरकला, तेव्हा चर्चच्या प्रवक्त्यांना केवढा हर्ष झाला! साडेपाच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात, ज्या चर्चचा प्रमुख राजा स्वतः आहे, त्या चर्चमध्ये शंभरातली एखाद-दुसरी व्यक्ती येते आणि त्याला पुनरुत्थानाची चाहूल समजले जाते.

आपल्याकडे या वार्ता दोन प्रकारच्या स्मितहास्यांनी वाचल्या जातात. पहिले हास्य आपल्या पुरोगामी मंडळींचे. विज्ञान आले, शिक्षण आले, की धर्म आपोआप ओसरतो. युरोपात ओसरला, उद्या तुमच्याकडेही ओसरेल, असा त्यांचा सिद्धान्त आहे. दुसरे हास्य आपल्यातल्याच काहींचे. चर्चचे मद्यगृह झाल्याचे छायाचित्र मोबाइलवरून दहा जणांना धाडायचे, 'आता यांचे दिवस भरले' असा शेरा मारायचा आणि धर्मरक्षणाचे कार्य झाल्याच्या समाधानात चहा घ्यायचा. पहिल्यांचा सिद्धान्त वस्तुस्थितीवर टिकत नाही. दुसऱ्यांचे हास्य तर त्याहून घातक आहे, कारण ज्या कारणांनी तिकडची आसने ओस पडली ती कारणे पंथ विचारून येत नाहीत.

पुरोगाम्यांचा सिद्धान्त आधी पाहू. ३० मार्च १८५१ या रविवारी ब्रिटिश सरकारने एक अपूर्व प्रयोग केला. त्या दिवशी इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक प्रार्थनास्थळात किती माणसे आली, याची गणती केली. होरेस मान या अधिकाऱ्याने काढलेला निष्कर्ष तत्कालीन समाजाला हादरवणारा होता. ज्यांना येणे शक्य होते अशांपैकी बावन्न लाखांहून अधिक माणसे त्या दिवशी कोठल्याही चर्चकडे फिरकली नव्हती. ही माणसे कोण होती? डार्विनचा ग्रंथ तर अद्याप आठ वर्षे दूर होता. विज्ञान शिकून ती नास्तिक झाली नव्हती. ती मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लंडन येथे गिरणी-कारखान्यांच्या मागे गावातून उपटून आलेली माणसे होती. गावी त्यांच्या आज्याच्या थडग्याशेजारी चर्च होते. शहरात त्यांना ओळखणारा पाद्री नव्हता, आणि असलेल्या चर्चमधली पुढची आसने भाडे भरणाऱ्या श्रीमंतांसाठी राखून ठेवलेली असत. फाटक्या कपड्यांनिशी मागच्या बाकावर बसायला कोण जाणार? शिक्षणाने नव्हे, तुटलेपणाने त्यांना चर्चबाहेर काढले. पुस्तकी बुद्धिवाद्यांच्या हे ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या लेखी धर्म म्हणजे मतांची यादी. मते बदलली की धर्म संपला, असे त्यांना वाटते. सामान्य माणसाच्या आयुष्यात धर्म आधी सोबत असतो. मते फार नंतर येतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत येतही नाहीत.

आता हे तुटलेपण का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी पॅरिश ही व्यवस्था समजून घ्यावी लागेल. वसईचे आपले मराठी ख्रिस्ती बांधव पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द फार नेमका आहे. इंग्लंडची सर्व भूमी सुमारे साडेबारा हजार धर्मग्रामांत वाटलेली आहे. त्यात चर्चच्या सोळा हजारांच्या आसपास इमारती आहेत. या व्यवस्थेचा गाभा असा की, धर्मग्रामाचा पाद्री हा केवळ रविवारी येणाऱ्यांचा पाद्री नसतो. त्या सीमेच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाची आध्यात्मिक काळजी वाहण्याचे दायित्व त्याच्यावर असते. चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसालाही त्याच्या धर्मग्रामातील चर्चमध्ये विवाह करण्याचा, मुलाचा बाप्तिस्मा करून घेण्याचा आणि अंत्यसंस्काराचा हक्क असतो. म्हणजे बाहेरच्यांपर्यंत पोहोचण्याची योजना म्हणून वेगळे काही काढावेच लागू नये, अशी ती रचना होती. जो गावात राहतो तो आपला. आपल्या ग्रामजोशांचे, गुरवांचे काय होते? घर कोणाचे, भक्ती किती, हे न विचारता बारशापासून बाराव्यापर्यंत ते त्या त्या दारी उभे असत. पाद्र्यालाही गावातल्या कोणत्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे आणि कोणाचा मुलगा सैन्यात गेला आहे हे ठाऊक असे.

ही वीण उसवली तेव्हा ती पुन्हा विणण्याचे यत्न झाले, आणि ते चर्चच्या चौकटीबाहेरून आले, हे लक्षणीय आहे. १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडच्या खाणकामगारांसमोर जॉर्ज व्हाइटफील्ड आणि पाठोपाठ जॉन वेस्ली उघड्या माळावर उभे राहून बोलले. दीक्षित पाद्र्याने चर्चच्या भिंतीबाहेर प्रवचन करणे हे त्या काळी अशिष्ट मानले जाई. वेस्ली पुढची पन्नास वर्षे घोड्यावरून देश पालथा घालत राहिला. १७८० च्या सुमारास ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी रविवारच्या शाळा लोकप्रिय केल्या. अक्षर आणि बायबल दोन्ही तेथेच. १८६५ मध्ये विल्यम बूथ लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, दारूगुत्त्यांच्या गल्लीत जाऊन उभा राहिला. त्यातून पुढे १८७८ मध्ये 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव आले, ज्यांना आपण मुक्तिफौज म्हणून ओळखतो. या तिघांची मते आपणांस पटोत वा न पटोत (हिंदुस्थानात मुक्तिफौजेने केलेल्या धर्मांतरांविषयी आपले मत सर्वश्रुत आहे), त्यांच्यात एक गोष्ट समान होती. ते स्वतः गेले. आणि जेथे गेले तेथे परत परत गेले. लोकांनी यावे म्हणून त्यांनी चर्चमध्ये डोंबाऱ्याचा खेळ लावला नाही.

तरीही इंग्लंडमधील धर्म एकोणिसाव्या शतकात संपला नाही. कॅलम ब्राउन या इतिहासकाराने २००१ मध्ये 'द डेथ ऑफ ख्रिश्चन ब्रिटन' हे पुस्तक लिहून मांडले की, खरी पडझड १९६० च्या दशकात, आणि तीही अकस्मात झाली. तोवर चर्चला जाणे न जाणे काहीही असो, घरातली स्त्री घराचा धर्म सांभाळत होती. मुलांना झोपताना प्रार्थना तीच म्हणायला लावी, रविवारच्या शाळेत तीच धाडी. साठच्या दशकात तिची स्वतःविषयीची कल्पना बदलली, आणि चर्चजवळ तिच्या नव्या आयुष्याला देण्यासारखे काही नव्हते. स्त्रियांना पाद्री होण्याची दारे चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये उघडली आणि पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलली यांचे नाव घोषित झाले. हे सारे झाले, परंतु तोवर आजी आणि नात यांच्यामधली एक पिढी निघून गेली होती. ब्राउन यांनी सारा भार स्त्रियांच्या बदललेल्या जाणिवेवर टाकला, हे सर्वांनाच मान्य नाही. बापांचे काय, असा प्रश्न त्यांना कोणीही विचारील.

डेव्हिड व्होस आणि अलास्डेर क्रॉकेट या अभ्यासकांनी २००५ मध्ये हेच गणिताने दाखवले. ब्रिटनमध्ये आई-वडील दोघेही धार्मिक असतील तर मूल धार्मिक राहण्याची शक्यता सुमारे निम्मी. दोघांपैकी एकच असेल तर तिच्याही निम्मी. दोघेही नसतील तर जवळजवळ शून्य. हा निष्कर्ष आपल्या वाचकांनी दोनदा वाचावा. तरुण मुले चर्चमध्ये येत नाहीत म्हणून गिटार आणा, पडद्यावर चित्रफिती दाखवा, ही जी धावपळ चालते तिच्यातली विफलता या तीन ओळींत आहे. मूल सोळाव्या वर्षी चर्च सोडत नाही. त्याने ते सोडलेले असते सहाव्या वर्षीच, घरात कोणी हात जोडताना न दिसल्यामुळे.

परंतु चर्चच्या धुरीणांनी याचे निदान काय केले? १९८८ च्या लॅम्बेथ परिषदेने विसाव्या शतकाचे अखेरचे दशक 'सुवार्ताप्रसाराचे दशक' म्हणून घोषित केले. आर्चबिशप जॉर्ज केरी यांच्या नेतृत्वाखाली ते साजरे झाले. दशक संपले तेव्हा उपस्थिती आरंभीपेक्षा कमी होती. मग २००४ मध्ये 'मिशन-शेप्ड चर्च' हा अहवाल आला. त्यातून 'फ्रेश एक्स्प्रेशन्स' नावाने उपाहारगृहांत, शाळांत, क्रीडांगणांवर मंडळ्या भरवण्याची चळवळ निघाली. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या धनिक चर्चमधून निघालेला 'अल्फा' हा अभ्यासवर्ग जगभर पसरला: आधी भोजन, मग व्याख्यान, मग गटचर्चा. पोर्ट्समथजवळच्या एका चर्चने २००४ मध्ये मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी रंग, माती, खेळ आणि जेवण अशी 'मेसी चर्च' ही पद्धत काढली. यांपैकी शेवटची कल्पना मला मनापासून पटते. आई, बाप आणि मूल एका टेबलाशी बसतात, एवढे तरी तिच्यात आहे.

यथावकाश चर्चच्या कारभारात व्यवस्थापनशास्त्राचा प्रवेश झाला. २०१४ पासून मध्यवर्ती निधी मोठ्या प्रमाणावर स्पर्धात्मक प्रकल्पांना दिला जाऊ लागला. प्रांताने अर्ज करायचा, अर्जात उद्दिष्ट लिहायचे, किती 'नवे शिष्य' मिळतील याचा आकडा द्यायचा. साबणाच्या कारखान्याचा विक्रीप्रमुख याहून वेगळे काय करतो? हा पैसा साहजिकच मोठ्या शहरांतल्या, तरुण विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या, आधीच भरभराटीच्या चर्चकडे वाहिला. खेड्यातल्या सहा, आठ, कोठे त्याहूनही अधिक चर्चचा भार एकेका पाद्र्याच्या गळ्यात आला. त्याचा रविवार मोटारीत जातो. एका गावी नऊ वाजता, दुसऱ्या गावी अकरा वाजता, आणि तिसऱ्या गावची पाळी पुढच्या पंधरवड्यात. त्याला अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे घर कसे ठाऊक असणार?

कळस झाला २०२१ मध्ये. दहा वर्षांत दहा हजार नव्या, बिनपाद्र्यांच्या, घराघरांतून भरणाऱ्या मंडळ्या स्थापण्याचे स्वप्न मांडण्यात आले. आणि ते मांडताना चर्चची इमारत, मानधन घेणारा पाद्री आणि महाविद्यालयात दीर्घकाळ शिकून तयार झालेला धर्मगुरू, हे वाढीला अडवणारे 'मर्यादाकारक घटक' असल्याचे सांगण्यात आले. वाचकहो, हे पुन्हा वाचा. देऊळ, पुजारी आणि शास्त्र हे अडथळे! ज्या पाद्र्यांनी तुटपुंज्या मानधनावर तीस-तीस वर्षे एका गावात काढली, त्यांना काय वाटले असेल? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमधील ११२३ साली स्थापन झालेल्या सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट या चर्चमध्ये त्यांच्यातले काही जमले आणि त्यांनी 'सेव्ह द पॅरिश', म्हणजे धर्मग्राम वाचवा, अशी मोहीम सुरू केली. ही मोहीम चर्चविरोधकांची नाही, हे सांगायला नको.

त्याच्या आदल्या वर्षीची एक घटना या साऱ्यावर झगझगीत प्रकाश टाकते. करोनाच्या पहिल्या लाटेत सरकारने सार्वजनिक उपासना बंद केली, ते योग्यच होते. परंतु पाद्र्याने एकट्याने चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. २४ मार्च २०२० रोजी आर्चबिशपांनी पत्र काढून तीही बंद केली. सरकारपेक्षा चर्च पुढे गेले! त्या वर्षीच्या ईस्टरची उपासना आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरातून केली आणि देशाने ती यंत्रावर पाहिली. पुढे त्या निर्णयाबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. पण गावात मृत्यूचे सावट असताना चर्चमध्ये एक तरी दिवा लागलेला आहे, आत कोणीतरी आपले नाव घेऊन प्रार्थना करीत आहे, एवढा आधार माणसाला पुरेसा असतो. तोच काढून घेतला गेला. पंढरपुरात त्याच वर्षी आषाढीची वारी पायी निघाली नाही, हे दुःख मोठेच होते. परंतु पादुका वाहनाने का होईना पंढरीस गेल्या आणि विठ्ठलाची पूजा झाली. हा फरक लहान नाही.

आता ज्या गोष्टी न गाजवता चालतात त्यांचे पाहा. ज्या काळात धर्मग्रामांतली उपस्थिती घटत होती, त्याच काळात, या शतकाच्या पहिल्या दीड दशकात, कॅथेड्रलमधील आठवड्याच्या मधल्या दिवशीची उपस्थिती वाढत गेली. तेथे काय असते? संध्याकाळी गायकवृंद जुन्या भाषेत स्तोत्रे गातो. कोणी नाव विचारत नाही, अर्ज भरून घेत नाही. कार्यालयातून सुटलेला माणूस मागच्या बाकावर अर्धा तास बसतो आणि निघून जातो. ग्रेस डेव्ही या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये 'सदस्यत्वाविना श्रद्धा' असा एक प्रकार ब्रिटनमध्ये असल्याचे सांगितले होते. तो हाच माणूस. त्याला घसरगुंडी नको आहे. ती त्याला बागेत मिळते.

आणि ओस पडलेल्या इमारतींचे काय झाले? १९६९ पासून चर्च ऑफ इंग्लंडने सुमारे दोन हजार चर्च बंद केली. त्यांतली साडेतीनशेहून अधिक एका न्यासाने केवळ स्मारके म्हणून जतन केली आहेत. काहींची घरे झाली, काहींची ग्रंथालये, आणि मद्यगृहेही झाली. अन्य पंथांच्या बंद पडलेल्या वास्तूंची गोष्टही तीच. लंडनमधील बोचासणवासी स्वामिनारायण संस्थेचे पहिले मंदिर १९७० मध्ये इझलिंग्टन येथे वापरात नसलेल्या एका चर्चच्या इमारतीतच उघडले. नीसडनचे प्रसिद्ध संगमरवरी मंदिर त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९५ मध्ये उभे राहिले. याहून बोलके उदाहरण लँकेशायरमधील प्रेस्टनचे आहे. तेथील सेंट इग्नेशियस हे कॅथलिक चर्च २०१४ मध्ये बंद झाले. पुढच्याच वर्षी ते केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्ती समाजाच्या हाती दिले गेले आणि २०१६ मध्ये केरळच्याच संत अल्फोन्सा यांच्या नावाने ते त्यांचे कॅथेड्रल झाले. ब्रिटनच्या रुग्णालयांत राबणाऱ्या केरळी परिचारिका आणि त्यांची कुटुंबे आज ते भरून टाकतात. लंडनच्या अनेक वस्त्यांत रविवारी जी चर्च ओसंडून वाहतात त्यांत लागोसमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या एका नायजेरियन चर्चच्या शाखा मोठ्या संख्येने आहेत. हे लोक एकमेकांना ओळखतात, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवतात, नव्याने आलेल्याला खोली शोधून देतात. त्यांच्या मुलांची मुले काय करतील, ते व्होस यांचे गणित सांगेलच.

या ठिकाणी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ज्या विल्यम कॅरीने बंगालमधील सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, तो नॉर्दम्प्टनशायरमध्ये जोडे शिवणारा कारागीर होता. त्याच्या व्याकरणाचे ऋण आपण मानतो. पण तो येथे आला तो व्याकरणासाठी नव्हे. नोव्हेंबर १९९९ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक घेण्याची आकांक्षा त्यांनी त्याच भूमीवरून प्रकट केली. ते कॅथलिक, इंग्लंडचे चर्च वेगळे, हे मान्य. परंतु युरोपातील कॅथलिकांचे तरी काय झाले? जर्मनीत २०२२ या एका वर्षात पाच लाख वीस हजारांहून अधिक कॅथलिकांनी सरकारी कार्यालयात जाऊन, रीतसर कागद भरून आपले नाव चर्चमधून काढून घेतले. घरचे शेत पडीक ठेवून दुसऱ्याच्या शिवारात पेरणीला निघालेल्या शेतकऱ्याला गावकरी काय म्हणतील? हा प्रश्न वसईच्या वा नगर जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना विचारायचा नाही. तो त्या त्या देशांतील मिशन मंडळांना विचारायचा आहे.

उलट त्या शेजाऱ्यांपाशी याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, हे त्यांच्या घरावर काय कोसळवून गेले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी वाचक जाणतो. त्यांच्या धर्मांतराचे समर्थन मी करणार नाही. पण १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. टाळ, अभंग, कीर्तन ही त्यांची साधने. साहेबाचा पगार घेऊन आपल्या माणसांसमोर उभे राहता येत नाही, हे त्यांना उमगले होते. दोनच वर्षांनी ते वारले आणि दरबार पुढे वाढला नाही. तरी मंडळीच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, ही भिंत ज्या सहजतेने त्यांनी काढून टाकली ती लंडनच्या कोणत्याही अहवालात मला आढळली नाही.

राहता राहिले ते दुसरे हास्य, आपल्यांचे. शिर्डीच्या, तिरुपतीच्या रांगा किती लांब झाल्या हे सांगून आपण निर्धास्त होतो. रांगेत पुढच्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक असते? गावातल्या काकड्याला पहाटे किती डोकी असतात, सप्ताहाच्या विण्याला पहारेकरी मिळतात की भाड्याने आणावे लागतात, पुण्या-मुंबईच्या सदनिकांत संध्याकाळी शुभंकरोती किती घरांत म्हटली जाते, आणि ती म्हणताना बाप घरी असतो का, याची गणती करण्याचे धैर्य कोणी दाखवावे. होरेस मानसारखा एक रविवार आपणही निवडून पाहावा. संपर्क हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी सतत असतो. तो यादीतल्या नावांपुरता उरला की, त्याचेही 'नवे शिष्य' व्हायला वेळ लागत नाही.

इंग्लंडात एप्रिल २०२५ मध्ये बायबल सोसायटीने तरुण पिढी पुन्हा चर्चकडे वळत असल्याचा दावा सर्वेक्षणाच्या आधारे केला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. पण चर्चची स्वतःची शिरगणती त्याला साथ देत नाही. २०२४ ची उपस्थिती २०१९ च्या खूपच खाली आहे, आणि व्होस यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या दाव्यावर आक्षेप घेतले आहेत. चर्च दरिद्री आहे असेही नाही. चर्च कमिशनर्सकडे २०२४ च्या अखेरीस सुमारे ११ अब्ज पौंडांची गंगाजळी होती. जून २०२५ मध्ये त्यांनी २०२६ ते २०२८ या तीन वर्षांसाठी १.६ अब्ज पौंड देण्याचे घोषित केले आणि पाद्र्यांचे मानधन वाढवण्याचेही ठरवले. धर्मग्राम वाचवा म्हणणाऱ्यांची ही एक मागणी तरी मान्य झाली म्हणायची. मात्र पाद्री होण्यासाठी शिक्षण घेऊ लागणाऱ्या नव्या उमेदवारांची संख्या २०२० नंतरच्या तीन-चार वर्षांत झपाट्याने घसरली आहे. सहा गावांच्या त्या पाद्र्याने निवृत्ती घेतली की त्याच्या जागी कोणाला पाठवायचे, हे त्या १.६ अब्जांच्या योजनेत लिहिता येण्यासारखे नाही.